डीटीओ हवा की नको?

एकांनी विचारलंय की डेटाबेसमधला ऑब्जेक्ट आहे तसाच जेसन (माहिती मजकूर म्हणून पाठवायचा फॉरमॅट) करून ब्राउझरकडे पाठवला तर काय बिघडतं, वेगळा डीटीओ (डेटा ट्रान्सफर ऑब्जेक्ट, म्हणजे फक्त देवाणघेवाणीसाठी बनवलेला ऑब्जेक्ट) कशाला? पासवर्डचा हॅशही (साठवलेलं सांकेतिक रूप) सोबत जाईल, हे कारण बहुतेकांना माहीत असतं. माझ्या मते खरी मेख डेटा टाइप्समध्ये आहे. जेसनमध्ये तारीख हा प्रकारच नाही. ब्राउझरमध्ये भारतीय वेळेनुसार १५ ऑगस्टचे रात्रीचे बारा धरलेला डेट ऑब्जेक्ट स्ट्रिंगिफाय केला (म्हणजे जेसन मजकुरात बदलला), की हाती येतात १४ ऑगस्टचे १८:३०, यूटीसी (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागची जागतिक वेळ). सर्व्हरने त्यातली नुसती तारीख उचलली की जन्मतारीख एक दिवस मागे! म्हणून डीटीओमध्ये जन्मतारीख सरळ 'वर्ष-महिना-दिवस' अशी स्ट्रिंगच (साधा मजकूर) ठेवावी. वेळेचा संबंधच नको.

मोठ्या आयडीचंही तेच. जावाच्या लाँगमधला (मोठ्या पूर्णांकांचा टाइप) ९००७१९९२५४७४०९९३ हा आकडा जावास्क्रिप्टमध्ये पार्स केला (जेसनमधून वाचला) की शेवटी ३ च्या जागी २ येतो, कारण तिथल्या साध्या नंबरला एवढे मोठे आकडे अचूक धरता येत नाहीत. एरर वगैरे काही नाही, गुपचूप भलतीच नोंद उघडते (आणि टेस्टिंगमध्ये आयडी १, २, ३ असल्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही). ट्विटरने आयडीसोबत तोच आकडा स्ट्रिंग म्हणूनही द्यायला सुरुवात केली ती याचसाठी. एंटिटीत (डेटाबेसमधल्या ऑब्जेक्टमध्ये) लाँग राहू दे, डीटीओत स्ट्रिंग करा.