मदत हवी आहे : सशिणीला अनपेक्षितपणे पिल्ले झाली आहेत, पुढे काय करावे?

नमस्कार. आम्ही पुण्यात धायरीला चौथ्या मजल्यावर राहतो. मुलीच्या हट्टामुळे दिवाळीच्या सुमारास दोन लहान ससे घरी आणले. विकणाऱ्याने दोन्ही माद्याच असल्याचे छातीठोकपणे सांगितले होते, त्यामुळे दोघांना एकाच मोठ्या पिंजऱ्यात ठेवले. मागच्या आठवड्यात पांढरी कापशी तोंडात वाळलेले गवत भरून कोपऱ्यात नेऊ लागली आणि स्वतःच्या छातीचे केस उपटू लागली. खरूज झाली असावी असे वाटून डॉक्टरांना दाखवायचे ठरत होते, तोच बुधवारी पहाटे त्या केसांच्या ढिगाऱ्यात पाच उघडीबोडकी, डोळे मिटलेली पिल्ले दिसली. थोडक्यात, बदामी रंगाची दुसरी 'मादी' हा नर आहे.

माझी मुख्य काळजी अशी की, कापशी दिवसभर पिल्लांकडे फिरकतही नाही. ती पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला पाय पसरून पडलेली असते आणि तिला पिल्लांना पाजताना आम्ही कोणीही पाहिलेले नाही. सासूबाईंचे म्हणणे आहे की, कापसाची वात गाईच्या दुधात भिजवून पिल्लांच्या तोंडाला लावावी. त्यांनी गावाकडे मांजरीची पिल्ले अशीच जगवली होती. शेजारच्या काकू मात्र सांगतात की, माणसाचा हात लागला तर आई पिल्लांना टाकते किंवा खाते, म्हणून कोणीही जवळ जाऊ नये. या दोन सल्ल्यांमध्ये आम्ही दोन दिवस नुसते अडकून पडलो आहोत.

नर अजून त्याच पिंजऱ्यात आहे, कारण तो पिल्लांना काही करत नाही आणि वेगळा केल्यास दोघेही कावरेबावरे होतात. आमची गॅलरी पश्चिमेकडे असून मार्च संपत आला आहे. दुपारी तिथे उभे राहवत नाही. जवळच्या दवाखान्यात फक्त कुत्री-मांजरे तपासतात. आम्हाला सशांची पैदास करायची नाही, ही पाच पिल्ले नीट वाढावीत एवढीच इच्छा आहे. अनुभवी लोकांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : वारजेकर

बाकी सर्व नंतर वाचा, नराला आत्ता दुसऱ्या खोलीत हलवा. सशिणीला गाईम्हशीसारखा ठरावीक माज नसतो. समागम झाल्यानंतर साधारण दहा तासांनी अंडी सुटतात, त्यामुळे व्यालेली मादी त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. गर्भकाळ सुमारे 31 दिवसांचा असतो. बुधवारपासून नर तिच्यासोबत असेल, तर पुढची वीण पुढच्या महिन्यात येणार असे धरूनच चाला. दोघांच्या मध्ये जाळी ठेवली, म्हणजे ते एकमेकांना पाहू शकतील, तर कावरेबावरेपणा पुष्कळ कमी होतो.

प्रतिसाद : जुना ससेवाला

कापशीचे वागणे अगदी ठीक आहे. सशीण चोवीस तासांत एकदा, फार तर दोनदा, तेही बहुधा रात्री किंवा पहाटे आणि जेमतेम तीन ते पाच मिनिटे पाजते. रानात सतत बिळापाशी बसणारी आई शिकाऱ्याला पत्ताच देईल, म्हणून ती मुद्दाम लांब राहते. ती पाजते की नाही हे तिच्याकडे बघून नव्हे, पिल्लांकडे बघून ठरवावे. सकाळी हात धुऊन, कापशीला दोन काड्या कोथिंबीर देऊन गुंतवावे आणि एकेक पिल्लू उचलून पाहावे. पोट गच्च गोल असेल, कातडीला सुरकुत्या नसतील आणि पिल्लू शांत पडून राहत असेल, तर ते पोटभर प्यालेले आहे. घरात स्वयंपाकाचा वजनकाटा असल्यास त्याहून उत्तम. पहिल्या आठवड्यात वजन जवळपास दुप्पट होते आणि एखादे पिल्लू मागे पडत असेल तर ते काट्यावर आधी कळते.

हात लागल्याने पाळीव सशीण पिल्ले टाकत नाही. उलट रोज पाहणी केलीच पाहिजे, कारण मेलेले पिल्लू घरट्यात राहिले तर बाकीच्यांना धोका असतो आणि आचळाला लोंबकळत बाहेर आलेले पिल्लू आई तोंडाने उचलून परत नेत नाही. असे गार पडलेले पिल्लू आधी तळहातात ऊब देऊन मगच घरट्यात ठेवावे.

सासूबाईंना नम्रपणे सांगा की, पोटे भरलेली असताना वरून दूध घालू नये. सशिणीचे दूध गाईच्या दुधापेक्षा कितीतरी घट्ट असते, आणि आडव्या पडलेल्या पिल्लाच्या तोंडात घातलेले दूध फुप्फुसात जाऊन ते दगावते. डोळे दहा-बारा दिवसांनी उघडतील आणि तिसऱ्या आठवड्यात ती गवत कुरतडू लागतील.

दूध यायला कापशीचे पोट भरलेले हवे. वाळलेले गवत अखंड समोर असावे, शिवाय एरवी कॅल्शियममुळे बेताने द्यावी लागणारी लसूणघास सध्या मोकळ्या हाताने द्या. मुळ्याचा आणि गाजराचा पाला मंडईत मिळतो. दुर्वा ससे फार आवडीने खातात (संकष्टीला मात्र भाव विचारू नका), पण फवारणीची शंका असेल तर देऊच नका. कोबी टाळा. पाणी बाटलीऐवजी जड वाडग्यात ठेवा.

प्रतिसाद : वारजेकर

उन्हाबद्दल सांगायचे राहिले. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो आणि पारा तिशीपुढे गेला की त्याला त्रास होऊ लागतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा पश्चिमेची गॅलरी नकोच. पिंजरा आतल्या खोलीत जमिनीवर घ्या, बर्फ केलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून कापशीच्या बाजूला ठेवा, घरट्यात मात्र ठेवू नका. वाळ्याचा ओला पडदा एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत चांगले काम करतो. तोंड उघडून धापा टाकणे किंवा बारा तास काही न खाणे यांपैकी एक जरी गोष्ट दिसली, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठावेत.

डॉक्टर निवडताना एक प्रश्न विचारा : नराच्या खच्चीकरणाच्या शस्त्रक्रियेआधी त्याला रात्रभर उपाशी ठेवायचे का? उत्तर 'हो' आले, तर त्यांना सशांचा सराव नाही असे समजा. सशाला उलटी होत नाही आणि उपवासाने त्याचे आतडे मंदावते. गोचीड-पिसवांसाठी कुत्र्यांना लावतात ते फिप्रोनिलचे औषधही सशाला चालत नाही.

कापशीचे घर (मूळ प्रश्न)

सर्वांचे मनापासून आभार. बदामी आता न्हाणीघराशेजारच्या खोलीत आहे. आज सकाळी पिल्ले उचलून पाहिली. चार पिल्लांची पोटे टम्म आहेत, पाचवे लहानखुरे आणि कातडीने थोडे सैल वाटते. त्याला काही वेगळे द्यावे का? आणि कापशी पुन्हा गाभण आहे हे कधी कळेल?

प्रतिसाद : जुना ससेवाला

त्या पाचव्याला वेगळे दूध देऊ नका, आईकडेच जास्तीची पाळी द्या. पहाटे कापशीला घरट्यापाशी आणून ते एकटे तिच्याखाली पाच मिनिटे ठेवा आणि मग बाकीची सोडा. दोन दिवस रोज वजन करा; वाढले नाही तर डॉक्टरांना दाखवा.

गाभण आहे की नाही, हे सरावाचा डॉक्टर बारा ते चौदा दिवसांनी पोट चाचपून सांगू शकतो. स्वतः दाबून पाहू नका. असल्यास अठ्ठाविसाव्या दिवशी तिच्यासाठी दुसरे खोके मांडा आणि तोवर खाऊ लागलेली ही पाच पिल्ले वेगळ्या जागेत घ्या. ती तीन महिन्यांची होण्याआधी नर-मादी ओळखून वेगळे करून घ्या, आणि बदामीच्या शस्त्रक्रियेनंतरही सहा आठवडे त्याला कापशीजवळ सोडू नका, कारण तेवढे दिवस तो फळवू शकतो.