मालिकांमधलं आईपण : भाग कसे निवडू, नोंद कशी ठेवू?

अजिंक्यतारा
स्त्री-अभ्यासाचा लघुप्रबंध. विषय : संध्याकाळच्या तीन मराठी मालिकांमधली आई आणि साताऱ्याजवळच्या दोन गावांतल्या प्रेक्षक बायका. सगळे भाग बघणं अशक्य. शिवाय 'चांगली आई, वाईट आई' असा तक्ता केलाय, त्यात जवळपास सगळ्याच आया 'चांगली'त जाताहेत. काय चुकतंय?

कृष्णाकाठ
चांगली-वाईट हा निवाडा मालिकेनेच देऊन ठेवलेला असतो, तुम्ही तो नुसता उतरवून घेताय. अमेरिकन कवयित्री आणि स्त्रीवादी लेखिका एड्रिएन रिच यांनी 1976 मध्ये आईपणाचा अनुभव आणि आईपणाची संस्था, म्हणजे समाजाने आईपणाभोवती घातलेली चौकट, यांची फोड केली. तिथून सुरुवात करा. रकाने असे ठेवा : मुलाचं काम कोण करतंय, निर्णय कुणाचा, पैसा कुणाचा, बोल कुणाला. आणि भाग नको, एकेक प्रसंग मोजा. समजा, मूल तापाने फणफणलंय. आई कपाळावर पट्टी ठेवतेय, बाप दारातूनच विचारतो, 'तुझं लक्ष कुठं होतं?', डॉक्टर बोलवायचं सासरे ठरवतात. काम तिचं, बोल तिला, निर्णय दुसऱ्याचा. 'चांगली आई' अशी खूण केलीत की हे सगळं बुडालं.

निवड सोपी आहे. पहिल्या आठवड्याचा सोमवार, दुसऱ्याचा मंगळवार, असं करत सहाव्याचा शनिवार. तीन मालिकांचे 18 भाग होतात. सलग भाग घेतले तर एखादं लग्न नाहीतर अपघात, तेवढंच हाती लागतं. रविवारचा महाएपिसोड वगळा. तारीख आणि मिनिट-सेकंद लिहाच, नाहीतर प्रसंग पुन्हा सापडत नाही. शंभरातले वीसेक प्रसंग दुसऱ्या कुणाकडून स्वतंत्रपणे नोंदवून घ्या. नोंदी जुळल्या नाहीत तर रकान्याची व्याख्या ढिली आहे असं समजा.

वाळवेकर
ताई, गटचर्चेला सासवा-सुना एकत्र बसवू नका, सुना तोंड उघडत नाहीत. एका गटात 6 ते 8 जणी, वेळ दुपारची. संध्याकाळी स्वयंपाक आणि मालिका दोन्ही आड येतात. 'मालिका आवडते का?' विचारलंत तर 'हो, छान आहे' यापुढे गाडी जात नाही. तीन मिनिटांचा प्रसंग दाखवा आणि विचारा, 'हे तुमच्या घरात झालं असतं तर?' मग गप्प बसा.

पडद्यावर कोण नाही, तेही नोंदवा. फडावर उसाच्या पाचटात लेकरू निजवून मोळ्या बांधणारी बाई आपल्या भागात हंगामभर दिसते. तिन्ही मालिकांत ती एकदाही आली नाही, तर तो तुमचा निष्कर्षच आहे.

अजिंक्यतारा
परित्यक्ता बायकांना याच गटात घेऊ का?

वाळवेकर
नको. त्यांची मुलाखत एकटीची, त्या म्हणतील तिथे. गावाचं नावही बदला. लहान गावात नुसतं वय आणि मुलांची संख्या लिहिली तरी बाई ओळखू येते.