कोंडा आणि मोठ्या आतड्यातल्या गाठी: प्रयोगाला कुठलं प्राणी-मॉडेल घेऊ? (बजेट दोन लाख)

संशोधिका_पुणे: ज्वारीच्या कोंड्याने आतड्यातला मळ बदलतो, त्याने गाठी कमी होतात का हे बघायचंय. प्राणी, खाद्य, तपासण्या धरून दोन लाखांवर एक रुपया नाही. पीएचडीचं शेवटचं दीड वर्ष.

बाल्बसी: डोळे झाकून एओएम-डीएसएस. कर्करोग घडवणाऱ्या एओएमचं एक इंजेक्शन, मग आतड्याला सूज आणणारं डीएसएस, दोन टक्के, पाण्यातून सात दिवस. आमच्याकडे दरवेळी भरपूर गाठी.

बोस्टनकर: जंतुविरहित प्राण्यांशिवाय हा प्रश्न सुटत नाही. अशा रॅटना सायकॅसिन (सायकड झाडांतलं रसायन) खाऊ घातलं तरी गाठी झाल्या नाहीत, कारण त्यातलं विष मोकळं करणारे जिवाणूच आतड्यात नव्हते. आमच्याकडे असे प्राणी ठेवायचे बंद कक्ष, म्हणजे आयसोलेटर आहेत, त्यामुळे काम सोपं जातं.

बाल्बसी: ताईंचं बजेट वाचलंत का?

विस्टार: डीएसएस नको. आतडं सोलवटतं, रक्ती हगवण लागते. मग कोंड्याने गाठ थांबली की सूज, कसं ठरवणार? विस्टार जातीचे रॅट, आणि गाठी घडवायला डीएमएच या कर्करोगकारक रसायनाची इंजेक्शनं. वेळ खातं, पण स्वस्त. आणि मळाचा हात आहेच: कोलोस्टोमी करून (आतडं पोटावर उघडून) मळ बाहेर वळवला की पुढच्या रिकाम्या भागात गाठी कमी होतात.

बोस्टनकर: कमी, शून्य नव्हेत. म्हणूनच जंतुविरहित.

पित्ताम्ल: विस्टार, डीएमएच, मीही हेच म्हणेन. फक्त कोंडा इंजेक्शनं संपल्यावर सुरू करा. आधीपासून दिलात तर मूळ इजाच कमी झाली की नंतर मळातलं डीऑक्सिकोलिक आम्ल (गाठी वाढवणारं पित्ताम्ल) पातळ झालं, हे वेगळं काढता येणार नाही. बाजारचं पेलेट नको, गोणीगणिक तंतू बदलतात. एआयएन-93 हे ठरलेल्या घटकांचं खाद्य बनवून घ्या, सेल्युलोजच्या जागी कोंडा.

पिंजरा: रॅट लेंड्या खातात, त्यामुळे एका पिंजऱ्यातल्यांचे जिवाणू सारखे होत जातात. प्रत्येक गटाला बरेच पिंजरे ठेवा, नाहीतर फरक कोंड्याचा की पिंजऱ्याचा, कळणार नाही. शेजारच्या लॅबचा पेपर ह्याच मुद्द्यावर परत आला.

संशोधिका_पुणे: सर्वांचे आभार. गाठींची वाटच बघणार नाही. विस्टार, डीएमएचची दोन इंजेक्शनं, आठवड्याने कोंडा, मग आतडं उभं चिरून मिथिलीन ब्लूने रंगवायचं आणि बिघडलेल्या क्रिप्टचे (आतड्याच्या अस्तरातल्या सूक्ष्म खळग्यांचे) पुंजके मोजायचे. पिंजऱ्यात दोनच रॅट. लेंड्यांतली पित्ताम्लं बाहेरून तपासून घेईन.

बाल्बसी: बहुतेक पुंजक्यांची पुढे गाठ होतच नाही. रिव्ह्यूअर धरतील.

संशोधिका_पुणे: म्हणून शीर्षकात 'गाठ' लिहिणारच नाही. डीएमएच दिल्यावर पिंजऱ्यातला भुसा तुमच्याकडे वेगळा जाळायला पाठवतात का?