ख्रिस्ती घर, चूल आणि उपासना : मराठवाड्यातल्या बायकांचा अनुभव धागा

जय ख्रिस्त. साक्षी, म्हणजे विश्वासाच्या अनुभवांच्या कहाण्या, आपण मंडळीत (चर्चमध्ये) ऐकतोच. पण साडेदहाची उपासना गाठायची असेल तर मटण किती वाजता चढवायचं, पंचवीस माणसांच्या घरप्रार्थनेला दूध किती घ्यायचं, शेतीच्या उत्पन्नातून दशमांश कसा काढायचा, हे व्यासपीठावरून कुणी सांगत नाही. हा धागा त्यासाठीच आहे. कृपा करून आपली कहाणी लिहू नका, पद्धत लिहा: माप, वेळ, काय बिघडतं आणि का. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, कॅथलिक, स्वतंत्र मंडळ्या, सगळ्याजणींनी लिहावं. पंथावरून वाद इथे नको.

छावणीतली काकू, छत्रपती संभाजीनगर

रविवारचा स्वयंपाक शनिवारी दुपारपासून हातात घ्यावा. एक किलो मटणाला दोन मोठे कांदे, अर्धी वाटी सुकं खोबरं, दोन चमचे धने, एक चमचा तीळ, आलं-लसूण. खोबरं मंद आचेवर बदामी होईपर्यंतच भाजायचं. काळं पडलं की रस्सा कडू होतो आणि मग गूळ घालूनही सुधारत नाही. फ्रीज असेल तर वाटण शनिवारीच करून ठेवा. नसेल तर फक्त कोरडे जिन्नस कुटून ठेवा आणि कांदा सकाळी वाटा. ओलं कांद्याचं वाटण उन्हाळ्यात रात्रभर बाहेर राहिलं की आंबतं.

सकाळी साडेसातला कुकर चढवायचा, एक शिट्टी झाली की गॅस बारीक करून वीस-पंचवीस मिनिटं. मग बंद करून झाकण न उघडता तसाच ठेवायचा. चर्चहून आल्यावर रस्सा एकदा चांगला उकळायचा आणि मीठ तेव्हाच बघायचं. भात आणि भाकरी आल्यावरच करा. पोळ्या करणार असाल तरी कणीक आधी भिजवून जाऊ नका, एप्रिल-मे महिन्यात चार तासांत आंबूस होते.

मटण नसलेल्या रविवारी येसराची (भाजलेल्या धान्य-डाळींच्या मसालेदार पिठाची) आमटी हा आपल्याकडचा सगळ्यात सोपा मार्ग. लिटरभर पाण्याला चार मोठे चमचे येसर पुरतो. तो आधी वाटीभर गार पाण्यात कालवून घ्यायचा. धान्याचं पीठ असल्यामुळे थेट उकळत्या पाण्यात टाकला तर गाठी होतात.

इस्त्री शनिवारीच. रविवारी सकाळी लाईट असेलच, हे धरून चालू नये.

दोन खोल्यांचं घर, लातूर

पाण्याबद्दल लिहिते, कारण आमच्याकडे बाकी सगळं त्यावर ठरतं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं हे शहर आहे. नळ रविवारी सकाळी आला तर घरातल्या एकीनं पाणी भरायला थांबावं आणि संध्याकाळची उपासना किंवा घरप्रार्थना धरावी. सगळ्यांनी घाईत अर्धवट भांडी भरून पळण्यापेक्षा हे बरं. आणि दर वेळी सुनेनंच थांबावं असा नियम कुठल्याही शास्त्रात नाही.

मंडळीच्या प्रीतिभोजनाचं गणित: शंभर माणसांना उन्हाळ्यात पिण्याचंच सव्वाशे ते दीडशे लिटर लागतं, म्हणजे वीस लिटरचे सात जार. स्वयंपाकाचं वेगळं. जेवण पत्रावळींवर ठेवा. स्टीलची ताटं घेतली तर जेवढं पाणी शिजवायला लागलं त्याहून जास्त धुण्यात जातं.

अंबड तालुका, शेतावरचं घर

दशमांश. पगारदार घरात सोपं आहे, महिन्याचा पगार आला की दहावा भाग पाकिटात. शेतीत गोंधळ होतो तो ढोबळ उत्पन्न आणि निव्वळ उत्पन्न यांत. सोयाबीनचे पन्नास हजार हातात आले आणि बी, खत, फवारणी, मजुरी, मळणी मिळून अठ्ठावीस हजार गेले असतील, तर उरले बावीस हजार आणि दशमांश बावीसशे. काही पाळक (चर्चचे धर्मगुरू) पूर्ण पन्नासावर मागतात. माझ्या मते उसनवारी करून दिलेला दशमांश हा दुकानदाराच्या पैशातला असतो, आपल्या नव्हे. पीककर्जाचं व्याज खर्चात धरा, मुद्दल धरू नका. कर्जाचा पैसा बी-खतातच गेलेला असतो, मुद्दल धरलं तर तोच खर्च दोनदा वजा होतो.

हे जमायचं तर खर्च लिहिलेला हवा. पेरणीपासून एक शंभर पानी वही स्वयंपाकघरातच लटकवा. मजुरी बहुतेक बाईच्या हातून दिली जाते, तिला आकडा पाठ असतो आणि वहीत तोच नसतो.

कापणीच्या सणाला अर्पण म्हणून काय न्यायचं: लिलावात किलो-किलोची पुडकी चांगली जातात, पाच किलोची पिशवी एकच माणूस घेतो आणि तीही कमी भावानं. तूर डाळ करून न्या, अख्खी तूर शहरातल्या बायका घेत नाहीत. जवसाची आणि कारळाची चटणी पाव-पाव किलोच्या बरणीत, वर तारखेची चिठ्ठी. अंडी टोपलीत साळीच्या भुशात ठेवा. कोंबडी नेणार असाल तर पाय सुताच्या मऊ दोरीनं बांधा आणि टोपली सावलीत ठेवा, प्रवचन लांबलं तर उन्हात ती मान टाकते. मिशनरी नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेल्या बेथेल गावापासून आमच्या भागात चर्च आणि शेती एकत्रच चालत आली आहे. पैशाइतकंच धान्यही अर्पण आहे, लाजू नका.

नवीन सून, परभणी

दिवाळीला शेजारच्या काकू फराळ आणतात तो घेतो. पण सत्यनारायणाचा प्रसाद आणला तर काय करायचं? सासूबाई एक सांगतात, मंडळीतल्या ताई दुसरंच.

पाळकीणबाई, जालना

सूनबाई, बायबलातल्या पौलाच्या पत्रातले, पहिले करिंथकर ८ आणि १० हे दोन्ही अध्याय सलग वाच, अर्ध्या तासात होतात. पौलाचं म्हणणं थोडक्यात असं: समोर वाढलेलं विचारपूस न करता खा. पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं तर खाऊ नको, आणि तेही सांगणाऱ्याच्या विवेकबुद्धीसाठी. आता व्यवहार. फराळ हा फराळ आहे, दोन्ही हातांनी घे. प्रसाद आहे असं त्या सांगून देत असतील तर दारातच हसून म्हण, "काकू, आमच्यात घेत नाहीत, पण चहाला आत या." घेऊन मागच्या दारानं टाकणं सगळ्यात वाईट. अन्न वाया जातं, आणि गल्लीत ते कळल्याशिवाय राहत नाही. डबा रिकामा परत करू नये ही रीत आपणही पाळतोच, नाताळात त्यांचा डबा आधी भरावा.

कॅथलिक घर, छत्रपती संभाजीनगर

ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाचं गणित पुष्कळांचं चुकतं. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात. त्यातले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून चाळीस. आमच्यात राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे सक्तीच्या उपवासाचे दिवस, १८ ते ५९ वयापर्यंत: एक पूर्ण जेवण आणि दोनदा थोडंसं, दोन्ही मिळून एका जेवणाहून कमी. मांस वर्ज्य चौदाव्या वर्षापासून. बाळंतीण आणि आजारी यांना सूट आहे, ती घ्यावी. मुलांचा डबा आदल्या रात्री ठरवून ठेवा, शुक्रवारी सकाळच्या घाईत हात आपसूक उरलेल्या मटणाकडे जातो. मांस सोडून पनीरवर दुप्पट खर्च करणं मात्र मला पटत नाही. वाचलेले पैसे दानपेटीत जायला हवेत.

झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरआधीच्या रविवारच्या) झावळ्या कचऱ्यात टाकू नका. क्रूसामागे अडकवा आणि पुढच्या वर्षी राखेच्या बुधवाराआधी चर्चमध्ये परत द्या, त्यांचीच राख करतात.

आरोग्यसेविका, बीड

गुड फ्रायडे मार्च-अखेर ते एप्रिलमध्ये येतो, म्हणजे आपल्याकडे पारा चाळिशीकडे. येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांची उपासना बारा ते तीन, पत्र्याचं छत, आणि बायका पाणीसुद्धा न पिता बसतात. अकरापर्यंत दोन-तीन पेले पाणी पिऊन घ्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास नाही. घाम फुटला, हात थरथरले की लगेच साखर तोंडात टाकायची, उपासनेचा शेवटचा आशीर्वाद व्हायची वाट बघायची नाही. उपवास सोडताना भजी नकोत, ज्वारीची आंबील किंवा मऊ वरणभात.

उदगीरची मावशी

आता नाताळ, इथे माझं बरंच आहे.

पहिले अनारसे, कारण त्यांना वेळ लागतो. १२ डिसेंबरला तांदूळ भिजत घालायचे, तीन दिवस, रोज पाणी बदलायचं. पाणी बदललं नाही तर पिठाला वास येतो. निथळून कापडावर सावलीत पसरा. हाताला दमट लागतील पण चिकटणार नाहीत, इतपत वाळले की दळा आणि चाळा. एक किलो तांदळाला पाऊण किलो किसलेला गूळ. गोळे करून डब्यात पाच-सहा दिवस मुरू द्या. तळताना खसखशीची बाजू वर, उलटायचं नाही, झाऱ्यानं वरून तूप उडवायचं. अनारसा तुपात हसला (फुटून पसरला) तर पीठ ओलं आहे किंवा गूळ जास्त झालाय, मूठभर कोरडी तांदळाची पिठी मळून एक तळून बघा. कडक झाला तर पिकलेल्या केळ्याचा छोटा तुकडा कुस्करून घाला.

केक बेकरीत भाजून आणणाऱ्यांसाठी: मैदा, साखर, लोणी प्रत्येकी पाव किलो, पाच अंडी, एक लहान चमचा बेकिंग पावडर. किलोभराचा केक होतो. बेकरीवाल्याला आधीच वेळ विचारा. लाकडाच्या भट्टीत पाव निघाल्यावर आच उतरते, तेव्हा केक आत गेला पाहिजे. तापलेल्या भट्टीत वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. २३ तारखेला रांग दोन-दोन तास असते. बेकिंग पावडर घरूनच घालून नेली तर ती रांगेतच फुगून बसते, मग केक दडपतो. म्हणून मैद्याबरोबर चाळलेली पावडर वेगळ्या डब्यात न्या आणि आपला नंबर आला की तिथेच मिसळा. डब्याला कागदाची चिठ्ठी लावू नका, जळते. खिळ्यानं पत्र्यावर खूण करा.

नानकटाईला एक किलो मैदा, सहाशे ग्रॅम पिठीसाखर, सहाशे ग्रॅम तूप. तूप थिजलेलं हवं, पातळ तुपानं ती ताटभर पसरते.

करंज्या-चकल्यांचं लिहीत नाही, ते सगळ्यांना येतं.

तारा करणारी, नांदेड

पोरांसोबत घरी नाताळचा तारा करायचा तर बांबूच्या दहा कामट्या, प्रत्येकी दोन फूट. पाच-पाचांचे दोन सपाट तारे बांधायचे, एकावर एक ठेवून फक्त पाच टोकं सुतळीनं आवळायची, आणि आतल्या पाच सांध्यांवर चार-चार इंचांचे तुकडे उभे अडकवायचे की पोट फुगतं. कागद लावायच्या आधी बल्ब आणि वायर आत बसवा, नंतर हात जात नाही. एलईडीच लावा, जुना पिवळा बल्ब कागद करपवतो.

पाळकीणबाई, जालना

घरप्रार्थनेचा चहा कुणीच लिहिला नाही. पंचवीस माणसं, प्रत्येकी ९० मिली: सव्वा लिटर दूध, सव्वा लिटर पाणी, ५० ग्रॅम पत्ती, दोनशे ग्रॅम साखर. आलं आधी पाण्यात खळखळ उकळा, मग दूध. कच्चं आलं दुधात पडलं की दूध नासतं. शेवटची प्रार्थना सुरू व्हायच्या आधी कोरा चहा उकळून गंज झाकून ठेवा आणि आपणही येऊन बसा. घरधनीण प्रार्थनाभर ओट्याशी उभी, ही बायबलातल्या, येशू घरी आला तरी कामातच गुंतलेल्या मार्थेची रीत बंद करायला हरकत नाही.

वाचनाला वेळ नाही म्हणणाऱ्यांनी नीतिसूत्रे घ्यावं. ३१ अध्याय आहेत, तारखेप्रमाणे रोज एक. ११९ वं स्तोत्र १७६ ओव्यांचं आहे, रोज आठ वाचल्या तर बावीस दिवसांत होतं. नीतिसूत्रे ३१ मधली सद्गुणी स्त्री सुनेच्या तोंडावर फेकणाऱ्यांनी १५ वी ओवी नीट वाचावी, त्या घरात कामाला दासी होत्या.

मेथडिस्ट महिला समाज, उदगीर

ताई, प्रभुभोजनाचा (चर्चमधल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीचा) द्राक्षरस घरी करायचं माप सांगा ना. बाजारचा फार गोड असतो.

पाळकीणबाई, जालना

पाव किलो काळे मनुके कोमट पाण्यानं दोनदा धुवा, वर तेलाचा हात असतो. लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून त्याच पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उकळा, कुस्करा, मलमलीतून गाळा. साधारण सातशे मिली निघतो, दहा मिलीच्या पेल्यानं सत्तर जणांना. स्टीलचंच भांडं घ्या, आंबटपणामुळे ॲल्युमिनियमची चव उतरते. साखर अजिबात नको, पेले चिकट होतात. शनिवारी करून फ्रीजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात बाहेर ठेवला तर दोन दिवसांत फसफसायला लागतो.

कॅथलिक घर, छत्रपती संभाजीनगर

आमच्या मिस्सेला (कॅथलिक उपासनेला) हा चालत नाही हं, तिथे द्राक्षांचा खरा वाइनच लागतो. आमच्या बायकांनी गैरसमजानं करून नेऊ नये.

मेथडिस्ट महिला समाज, उदगीर

आणि उरलेल्याचं?

पाळकीणबाई, जालना

आशीर्वादित झालेला रस पाळकांनी आणि सेवा करणाऱ्यांनी तिथेच संपवावा. बाटलीतला न वापरलेला पोरांना दिला तरी चालतो. पेल्यांचं पहिलं धुवण मोरीत न ओतता झाडाच्या मुळाशी ओतायची आमच्याकडे रीत आहे. नंतर गरम पाण्यानं धुवून, पुसून, कापडावर तासभर उपडे ठेवा. ओले पेले पेटीत बंद केले की पुढच्या महिन्यात कुबट वास येतो आणि ऐन वेळी सगळे परत धुवावे लागतात.