५४ मिमी के-मोटर: उंची गाठायची तर जोरदार घ्यावी की सावकाश जळणारी?

ऊर्ध्वगामी (प्रश्न)

माझ्या हौशी रॉकेटचं उड्डाणाच्या वेळचं वजन साडेचार किलो. नळीचा बाहेरचा व्यास ७९ मिमी, आत अडॅप्टर टाकून ५४ मिमीची मोटर बसवतो. के-वर्गातल्या (हा वर्ग मोटरीच्या एकूण आवेगावरून ठरतो) दोन प्रमाणित मोटरींवर गाडी अडली आहे. दोन्हींचा एकूण आवेग, म्हणजे सरासरी बल गुणिले जळण्याचा वेळ, साधारण २००० न्यूटन-सेकंद. एक २ सेकंदांत जळते, सरासरी थ्रस्ट (ढकलणारं बल) १००० न्यूटन. दुसरी ५ सेकंद चालते, सरासरी ४०० न्यूटन. आवेग सारखाच, मग उंचीही सारखीच यायला हवी ना? तरी सिम्युलेशनमध्ये फरक पडतोय. शिवाय वजन किलोभर कमी करता येण्यासारखं आहे, ते करावं का?

रेषेवर (प्रतिसाद)

दोघींपैकी सावकाश जळणारी घ्या. पण त्याआधी ती ७९ची नळी बाजूला ठेवा. मोटर निवडण्यात लोक महिने घालवतात आणि खरी उंची नळीच्या व्यासात सांडून जाते, हे बघून मला खरोखर हळहळ वाटते.

५४च्या मोटरला जेमतेम सामावेल अशी ५८ मिमीची नळी धरा, फिन (शेपटाकडचे पंख) थेट नळीवर चिकटवलेले. ७९च्या नळीचा छेद हिच्या जवळपास १.८५ पट आहे. हवेचा विरोध अगदी तेवढाच वाढतो असं नाही, कारण पृष्ठभागावरचं घर्षण व्यासाच्या प्रमाणात वाढतं, छेदाच्या नाही. पण बुडाशी तयार होणारी ओढ आणि नाकावरचा दाब छेदाप्रमाणेच वाढतात. सगळं धरून तुमच्या मोटरीवर हजारेक मीटरचा फरक नळीच पाडेल. दोन मोटरींमधला फरक त्यापुढे किरकोळ आहे.

आता मोटरींकडे येऊ. आवेग सारखा असला तरी तो कुठल्या वेगाला, कुठल्या हवेत खर्च होतो यावर सगळं ठरतं. जोरदार मोटर ५८च्या रॉकेटला जेमतेम साडेचारशे मीटर उंचीवर सेकंदाला ४५० मीटरच्या आसपास नेऊन सोडते. तिथे हवेची घनता घनमीटरला जवळपास १.१७ किलो. विरोधाचा गुणांक (रॉकेटच्या आकाराला हवा किती अडवते ते सांगणारा आकडा) ०.५५ धरला तर मागे खेचणारं बल निघतं साधारण १७० न्यूटन. इंधन संपल्यावर रॉकेटचं वजन उरतं ३४ न्यूटन. म्हणजे मोटर विझली त्या क्षणी हवा गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट जोराने ब्रेक लावते आहे. इतक्या मेहनतीने मिळवलेल्या वेगाचा मोठा हिस्सा पुढच्या दोन-तीन सेकंदांत विकला जातो.

सावकाश मोटर ५ सेकंद ढकलत राहते, त्यामुळे गुरुत्वाकर्षणाला जास्त वेग द्यावा लागतो: सेकंदाला जवळपास ५० मीटर, जोरदार मोटरीत २० मीटर. पण ती विझते तेव्हा रॉकेट हजारेक मीटरवर असतं, वेग ३९०च्या घरात आणि विरोध १२५ न्यूटनपर्यंत उतरलेला. जमाखर्च मांडला की ती काही टक्क्यांनी पुढे राहते.

किलो कमी करण्याबद्दल: हलकं म्हणजे उंच, हे एका मर्यादेपर्यंतच खरं. हलकं रॉकेट जास्त वेग घेतं, पण मोटर विझल्यावर हवेला कापत जायला त्याच्याकडे वस्तुमान उरत नाही. पीस आणि दगड सारख्याच वेगाने वर फेकून बघा. माझ्या हिशोबात जोरदार मोटरीवर ५८च्या नळीत किलोभर उतरवूनही उंचीत फारशी भर पडत नाही, उलट वेग सेकंदाला ६०० मीटरकडे जातो आणि फिनवरचा ताण वाढतो. प्रत्येक मोटरीसाठी एक योग्य वजन असतं. सिम्युलेशनमध्ये वजन शंभर-शंभर ग्रॅमने हलवून ते शोधा.

तिसरा फिन (प्रतिसाद)

वरच्या हिशोबाशी सहमत, पण रेल, म्हणजे सुटताना रॉकेटला सरळ धरणारी पट्टी, विसरू नका. ३ मीटरच्या रेलवरून ४०० न्यूटनची मोटर रॉकेटला सेकंदाला २२ मीटरच्या आसपास बाहेर काढते, १००० न्यूटनची ३६ने. सेकंदाला ५ मीटरचा आडवा वारा असेल तर पहिल्या बाबतीत हवा फिनवर १३ अंशांनी येते, दुसऱ्यात ८ अंशांनी. रॉकेट तेवढं वाऱ्याकडे झुकतं आणि झुकलं की उंची गेली. सरासरी थ्रस्ट बघून समाधान मानू नका. थ्रस्टच्या आलेखात पहिल्या अर्ध्या सेकंदाला रेषा कुठे आहे ते बघा. सुरुवातीला उसळी मारून मग सपाट जाणारी सावकाश मोटर मिळाली तर उत्तमच. वारा असेल तर लांब रेल मागा, नाहीतर थांबा.

ऊर्ध्वगामी

नळी बदलतो. ५८मध्ये फिन कशाचे करू? आणि सिम्युलेशन ओपनरॉकेटमध्ये करतोय, ते ध्वनीच्या वेगाजवळ विश्वासार्ह आहे का?

रेषेवर

ध्वनीच्या वेगाच्या ०.८ ते १.२ पट या पट्ट्यात विरोधाचा गुणांक झपकन चढतो, आणि तुमची सावकाश मोटर नेमकी त्याच पट्ट्यात विझते. तिथे ओपनरॉकेटचा आकडा पक्का धरू नका, रासएरो या दुसऱ्या सिम्युलेशनमध्येही तेच रॉकेट चढवून दोन्हींची तुलना करा. नाकाला फॉन कारमानचा (कमी विरोधासाठी काढलेला) आकार द्या, लांबी व्यासाच्या पाचपट.

फिन तीनच ठेवा, चौथा म्हणजे नुसता विरोध. कार्बन फायबरचा पत्रा घ्या, पुढची आणि मागची धार दोन्ही बाजूंनी उतरती घासा. पातळ फिन विरोध कमी करतो हे खरं, पण पातळपणाच्या मोहात फडफड सुरू झाली तर रॉकेट हवेतच फाटतं. आमच्या मैदानावर परत आलेला एक फिन मी हातात घेऊन बघितला आहे: मुळाशी चिकटवलेला भाग शाबूत, पण बाहेरच्या टोकाला कार्बनचे थर एकमेकांपासून सुटून दाढी करायच्या ब्रशसारखे पिंजले गेले होते. फडफडीचा वेग आधी काढा, तो तुमच्या कमाल वेगाच्या निदान दीडपट हवा. कमी भरला तर जाडी वाढवण्याआधी फिनची बाहेरची लांबी थोडी छाटा.

रेल-बटणं (रेलच्या खाचेत सरकणारी, नळीवर बसवलेली बटणं) सोडता येत असतील तर सोडा. रॉकेटला बाहेरून धरणाऱ्या टॉवरवरून उडवा, नाहीतर उडताना गळून पडणारे मार्गदर्शक वापरा. नळीवर उभं राहिलेलं प्रत्येक बटण वरपर्यंत हवा ओरबाडत जातं.

शेवटी, तुमच्या रॉकेटचा खरा गुणांक उड्डाणातूनच काढा. मोटर विझल्यावर रॉकेट मुक्त उडत असतं, तेव्हा त्वरणमापकावर गुरुत्वाकर्षण दिसतच नाही, दिसतो तो फक्त हवेचा ब्रेक. तो आकडा उरलेल्या वस्तुमानाने गुणला की विरोधाचं बल हातात येतं, आणि वेग व घनता माहीत असली की गुणांकही. ०.५५ऐवजी ०.४८ निघाला तर तोच सिम्युलेशनमध्ये घाला आणि पुढची मोटर त्यावरून निवडा. उड्डाणाची फाइल मिळाली की इथे टाका, मी माझ्या बाजूनेही आकडेमोड करून बघतो.