विक्रोळीचा उन्हाळी वर्ग डिसेंबरपर्यंत चालवू या

प्रेषक: शिक्षण समिती, सध्या मुक्काम विक्रोळी
प्रति: अमेरिकेतल्या आपल्या मंडळाचे सर्व सभासद
विषय: उन्हाळी वर्ग, अहवाल आणि एक मागणी

नमस्कार मंडळी,

दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि अकरावीचे तास जुलै-ऑगस्टशिवाय धड सुरू होत नाहीत. त्या मधल्या काळात आपला वर्ग कन्नमवार नगरातल्या एका अभ्यासिकेत भरतो. मुलं पार्कसाइट, भांडुप, कांजूरमार्ग इथली, बहुतेक महापालिकेच्या नाहीतर अनुदानित मराठी शाळांतली. दहावीला नव्वदच्या आसपास किंवा त्याहून जास्त टक्के मिळवणारी. कुणाचे वडील रिक्षा चालवतात, कुणाचे सोसायटीत वॉचमन आहेत, आया चार घरची कामं करतात. कॉलेजची पायरी चढणारं त्यांच्या घरातलं हे पहिलंच माणूस. यातली जवळजवळ सगळी सायन्सला जातात, आणि दिवाळी येईस्तोवर काहीजण कॉमर्सला बदली मागतात किंवा तास बुडवायला लागतात. शाळेत पहिली आलेली ही मुलं आहेत, म्हणून जीव जास्त तुटतो.

हे कशाने होतं ते जरा सविस्तर सांगते, कारण पुढची मागणी त्यावरच उभी आहे.

राज्य मंडळाचं अकरावीचं फिजिक्सचं पुस्तक काढून बघा. दुसरंच प्रकरण गणिती पद्धतींचं: सदिश (दिशा असलेल्या राशी) आणि त्यापाठोपाठ डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, म्हणजे कॅल्क्युलस, बदलत्या राशींचं गणित. तिसऱ्यात ते लगेच वापरायला काढतात. आता गणिताचं पुस्तक बघा. लिमिट, कंटिन्युइटी, डिफरन्सिएशन ही कॅल्क्युलसची प्रकरणं दुसऱ्या भागात अगदी शेवटी येतात. म्हणजे फिजिक्सच्या सरांना जे पहिल्या महिन्यात लागतं ते गणिताचे सर वर्ष संपताना शिकवणार. ज्यांच्या घरी क्लासची फी भरलेली असते, त्यांचं हे एप्रिल-मेमध्येच उरकलेलं असतं, त्यामुळे कॉलेजात सर भराभर पुढे जातात. आपली मुलं हात वर करत नाहीत. आजवर वर्गात सगळ्यांत आधी हात वर करणारी हीच मुलं होती. त्यात भर म्हणजे शिकवणं आता सगळं इंग्रजीत, आणि घरी विचारायला कुणी नाही.

म्हणून आम्ही वर्गात दहावीची उजळणी घेत नाही आणि जेईईचे प्रश्नसंचही सोडवून घेत नाही. एकेक अवघड प्रश्न घेतो आणि चार-चार जणांच्या गटाला तासभर त्याच्याशी झटू देतो. एक उदाहरण देते. प्रश्न असा होता: विक्रोळीहून सुटलेली स्लो लोकल घाटकोपरला थांबते, तिचा अंतर आणि वेळ यांचा आलेख काढा. बहुतेकांनी पट्टी ठेवून तिरकी सरळ रेघ ओढली. पार्कसाइटच्या एका मुलीने आधी वर वळत जाणारी, मग जवळजवळ सरळ आणि शेवटी आडवी होत जाणारी रेघ काढली. शेजारच्याने विचारलं, "वाकडी का?" ती म्हणाली, "गाडी सुटताना हळूच असते ना. आपण धावत पकडतो तेव्हा पकडता येते ती." मग तिच्याच गटातला एकजण म्हणाला, तर मग नेमका वेग कुठे मोजायचा, रेघ तर सारखी बदलतेय. पुढचा अर्धा तास फळ्यापाशी मी गेलेच नाही. दोन बिंदू जवळ आणत आणत स्पर्शरेषेपर्यंत ती मुलं आपली आपण पोचली. दुसऱ्या दिवशी त्या स्पर्शरेषेच्या चढाला डेरिव्हेटिव्ह म्हणतात एवढंच मी सांगितलं.

ही मुलं हुशार आहेतच. न पाहिलेल्या प्रश्नापुढे अडकून बसायची सवय मात्र शाळेने त्यांना कधी लावली नाही. पाठ केलं की मार्क मिळतात, इतकंच त्यांनी पाहिलेलं आहे. अडकणं म्हणजे नापास होणं नव्हे, हे कळायला दोन महिने लागतात. ते कळू लागतं न लागतं तोच वर्ग संपतो आणि कॉलेज सुरू होतं.

म्हणून मागणी अशी, की यंदा वर्ग उन्हाळ्यापुरता न ठेवता डिसेंबरपर्यंत चालवावा. अकरावीचं पहिलं सत्र पूर्ण होईपर्यंत दर शनिवारी-रविवारी तीन तास. त्यासाठी एम.एस्सी. करणारे दोन शिक्षक पगारावर घ्यावे लागतील. महिना 15,000 रुपये प्रत्येकी धरले तर पाच महिन्यांचे 1,50,000 रुपये. स्वयंसेवकांच्या भरवशावर इतके महिने काढता येणार नाहीत. परीक्षा आल्या की तेही त्यांच्या अभ्यासाला लागतात, आणि त्यात त्यांची चूक नाही.

आपली,
शिक्षण समिती

---

प्रेषक: खजिनदार
विषय: उत्तर: उन्हाळी वर्ग, अहवाल आणि एक मागणी

ताई, नमस्कार.

अहवाल वाचला, घरी सगळ्यांना वाचून दाखवला. तुमच्या कष्टांबद्दल दुमत नाही. खजिनदार म्हणून दोन गोष्टी मांडणं भाग आहे.

पहिली: गणेशोत्सवात जमलेला निधी "मुलांना टॅब" असं सांगून जमवला होता. 40 टॅब, एकेक 12,000 रुपयांना, म्हणजे 4,80,000 रुपये. देणगीदारांना आपण काय दिलं ते दिसावं असं वाटतं, आणि ते वाटणं गैर नाही. पगार दिसत नाहीत.

दुसरी गोष्ट कायद्याची. आपलं मंडळ अमेरिकेत नोंदलेलं, म्हणजे एफसीआरएच्या, भारताच्या परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या, दृष्टीने परदेशी स्रोत. ज्या संस्थेकडे एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नाही तिला आपण एक डॉलर पाठवू शकत नाही. 2020 च्या दुरुस्तीनंतर पैसे आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात, आणि एका संस्थेने घेतलेले पैसे दुसऱ्या संस्थेकडे वळवणंही बंद झालं. अभ्यासिका चालवणाऱ्या मंडळाची नोंदणी आहे का? नसेल तर टॅब काय आणि पगार काय, दोन्हीची वाट सारखीच अडलेली.

आणखी एक विचारतो, राग मानू नका. मुलं निवडताना निकष काय लावता? गरिबी, जात की मार्क? सभेत हा प्रश्न हमखास निघेल.

आपला,
खजिनदार

---

प्रेषक: एक सभासद, इथल्या हायस्कूलमध्ये गणित शिकवतो
विषय: उत्तर: उत्तर: उन्हाळी वर्ग

ताई, काका, दोघांनाही नमस्कार.

मी इथे अनेक उन्हाळे अपवर्ड बाउंड या, गरीब घरच्या हायस्कूलच्या मुलांना कॉलेजसाठी तयार करणाऱ्या योजनेच्या वर्गांना गणित शिकवलं आहे, म्हणून मध्ये बोलतो. 1964 च्या गरिबीविरोधी कायद्यातून ही योजना निघाली आणि 1965 च्या उन्हाळ्यात सुरू झाली. इथल्या केंद्र सरकारचा पैसा, कॉलेजच्या आवारात साधारण सहा आठवडे राहून शिकणं. लोकांच्या डोळ्यांत हा उन्हाळा भरतो. पण ही मुलं शाळेच्या वर्षातही शनिवारी येतात, हायस्कूल संपेपर्यंत येतात, आणि योजनेचा कणा तिथे आहे. नुसत्या उन्हाळ्यावर ती चालत नाही.

काकांच्या निकषाच्या प्रश्नाला तिथलं उत्तर मला पटतं. किमान दोन-तृतीयांश मुलं अशी हवीत की घरचं उत्पन्न कमी आहे आणि आईवडिलांपैकी कुणी पदवीधर नाही, या दोन्ही अटी पुऱ्या होतात. उरलेल्यांनी यातली एक तरी पुरी करावी, किंवा अभ्यासात मागे पडण्याचा मोठा धोका असलेली ती मुलं असावीत. आपणही हेच घ्यावं आणि वर निम्म्या मुली हव्यात अशी अट घालावी. मागास वर्गांतली मुलं त्यात आपोआप मोठ्या संख्येने येतील, कारण पहिल्यांदा शिकणारी घरं मुख्यतः तीच आहेत.

ताईंच्या पद्धतीबद्दल एका गणित शिक्षकाचं नाव सांगतो: उरी ट्राइसमन. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात 1970 च्या दशकात त्यांना दिसलं की आपापल्या शाळांत अव्वल असलेली कृष्णवर्णीय मुलं कॅल्क्युलसमध्ये मोठ्या संख्येने मागे पडतात. तयारी कमी, घरून पाठिंबा नाही, असं सगळे गृहीत धरून बसले होते. ट्राइसमन मुलांसोबत राहून, ती अभ्यास कशी करतात ते बघत बसले. ही मुलं एकटी अभ्यास करत होती, दार लावून, आणि अडलं तर कुणाला सांगत नव्हती. चिनी वंशाची मुलं एकत्र बसून एकमेकांची उत्तरं तपासत होती. मग त्यांनी कार्यशाळा काढल्या. उजळणीचं नाव नाही. वर्गातल्यापेक्षा अवघड प्रश्न आणि गटाने सोडवणं. निकाल पालटला. विक्रोळीच्या त्या लोकलच्या आलेखात मला तेच दिसलं.

मात्र त्या कार्यशाळा कॅल्क्युलसचा कोर्स चालू असतानाच, त्याला जोडून चालायच्या. म्हणून डिसेंबरपर्यंतच्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा.

आपला,
एक सभासद

---

प्रेषक: शिक्षण समिती, मुक्काम विक्रोळी
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: उन्हाळी वर्ग

काका, दादा,

राग कसला मानायचा. प्रश्न योग्यच आहेत, एकेक घेते.

निकष दादा म्हणतात तोच ठेवू. निम्म्या मुली ही अट मला मनापासून हवी आहे. आयआयटीत मुली इतक्या कमी होत्या की 2018 पासून त्यांच्यासाठी जादा जागा काढाव्या लागल्या. ही गळती अकरावीच्याही आधी सुरू होते. आपल्या वर्गात मुली सातच्या तासाला उशिरा यायच्या. घरी गेले तेव्हा समजलं, पाणी सकाळी येतं आणि ते भरल्याशिवाय मुलीला घराबाहेर पडता येत नाही. वर्ग नऊचा केला. त्या दिवसापासून एकही मुलगी उशिरा आली नाही.

टॅबबद्दल. महाज्योती ही राज्य सरकारची संस्था ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी टॅब आणि रोजचा डेटा देते. त्या मुलांचे अर्ज भरून देणं एवढंच आपलं काम. बाकीच्यांसाठी 8-10 टॅब अभ्यासिकेतच ठेवू आणि वापरू. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं आणि टीव्ही असताना टॅब घरी देऊन अभ्यास होत नाही. त्यांना टेबल, दिवा आणि शेजारी बसलेला दुसरा अडकलेला मुलगा हवा असतो. देणगीदारांना हे खरं कारण सांगू या. आपली माणसं समंजस आहेत, ती ऐकतील.

पगार दिसत नाहीत म्हणता, तर दिसतील असं करू. दोन्ही शिक्षक दर महिन्याला एक प्रश्न आणि मुलांनी तो कसा सोडवला हे वहीच्या पानांच्या फोटोंसह या यादीवर पाठवतील. ज्यांना गणिताची आवड आहे त्यांनी सोडवून बघावा.

एफसीआरएचं खरं आहे, अभ्यासिकेच्या मंडळाची नोंदणी नाही. मार्ग दोन. एक, नोंदणी असलेल्या संस्थेने हा वर्ग स्वतःचा उपक्रम म्हणून चालवावा; एका संस्थेशी बोलणं चालू आहे. दुसरा, आपल्यातले जे अजून भारतीय नागरिक आहेत त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी कायद्याने परदेशी देणगी ठरत नाही. ज्यांनी अमेरिकी नागरिकत्व घेतलं त्यांना, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरी, ही वाट बंद. यंदापुरती दुसरी वाट धरावी असं माझं मत आहे.

आता एक गोष्ट, जी मला शिकवण्याइतकीच महत्त्वाची वाटते. मे महिन्यात निम्मा वर्ग गावाला जातो. लग्न असतं, जत्रा असते, आजी-आजोबा वाट बघत असतात. जाऊ नका म्हणणं मला पटत नाही. पण जाताना प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी देते. इंजिनिअरिंग-मेडिकलला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी जुना पुरावा लागतो: अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा. तो पुरावा मुंबईत सहसा मिळत नाही. तो गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या जुन्या रजिस्टरात असतो, आजोबांच्या नाहीतर पणजोबांच्या नावापुढे. चिठ्ठीवर लिहिते: प्रवेश-निर्गम उतारा, शाळेचा शिक्का आणि मुख्याध्यापकांची सही. शाळेला सुट्टी लागण्याआधी पोचा, नाहीतर मुख्याध्यापकांचं घर शोधा.

बारावीनंतर या एका कागदासाठी प्रवेश धोक्यात आलेली मुलं मी पाहिली आहेत. यंदा एक मुलगा बीडहून परत आला तो उतारा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर रबर लावून. पणजोबा दुसरीपर्यंत शिकलेले. त्याने तो कागद गटातल्या सगळ्यांना दाखवला आणि मग तिघांनी आपापल्या गावी फोन लावले.

आपली,
शिक्षण समिती

---

प्रेषक: वर्गाची माजी विद्यार्थिनी, आता एम.एस्सी. पहिलं वर्ष
विषय: उत्तर: उन्हाळी वर्ग

सर्वांना नमस्कार. बाईंनी मला या यादीवर घेतलं म्हणून लिहिते.

मी या वर्गात होते तेव्हा वर्ग जूनमध्ये संपला. अकरावीच्या पहिल्या चाचणीत मला फिजिक्समध्ये 25 पैकी 6 मिळाले. त्याआधी मला कुठल्याच विषयात इतके कमी कधी मिळाले नव्हते. घरी सांगितलं नाही, बाईंनाही सांगितलं नाही. आमच्या उन्हाळी वर्गातल्या एका मुलीला तेवढं सांगितलं, तिला 5 होते. आम्ही दोघी रोज कॉलेज सुटल्यावर घाटकोपर स्टेशनच्या बाकावर बसून एकमेकींना प्रकरण समजावून सांगायचो. दुसऱ्या चाचणीला दोघी पास झालो. ती नसती तर मी सायन्स सोडलं असतं हे नक्की. डिसेंबरपर्यंत वर्ग असेल तर मुलांना त्यासाठी स्टेशनच्या बाकावर बसावं लागणार नाही.

शिकवायला मी तयार आहे. शनिवार-रविवार दोन्ही दिवस जमतील.

---

प्रेषक: खजिनदार
विषय: उत्तर: उत्तर: उन्हाळी वर्ग

ताई,

शेवटचं पत्र वाचल्यावर माझ्याकडून आणखी काही विचारायचं राहिलं नाही. कार्यकारिणीपुढे असा ठराव मांडतो: दोन शिक्षकांचा पाच महिन्यांचा पगार 1,50,000 रुपये, अभ्यासिकेत 10 टॅब 1,20,000 रुपये, उरलेली रक्कम पुढच्या वर्षासाठी राखून. टॅबसाठी ज्यांनी पैसे दिले त्या प्रत्येकाला मी स्वतः फोन करून बदल सांगतो. ज्यांना पटणार नाही त्यांचे पैसे परत करू.

पण मंडळाच्या खात्यातून सध्या भारतात काहीही जाणार नाही. संस्थेशी लेखी ठरेपर्यंत फक्त भारतीय पासपोर्टवाल्यांच्या वैयक्तिक देणग्या. ज्यांना द्यायची आहे त्यांनी मला वेगळा मेल करावा, या यादीवर आकडे टाकू नयेत.

दादा, ट्राइसमन यांच्या कार्यशाळेत देत त्या तऱ्हेचे दहा-बारा प्रश्न तयार करून ताईंना पाठवाल का? मराठी आणि इंग्रजी दोन्हीत असतील तर बरं.

आपला,
खजिनदार