रोज संध्याकाळी ताप आणि पुरळ, सकाळी अंग साफ. हा सांधेवात असू शकतो का?

सिंहगडरोड_आई:
नमस्कार, मुलगा सहा वर्षांचा आहे. तीन आठवडे होत आले, रोज संध्याकाळी ताप चढतो, १०३ च्या वर जातो आणि नेमकं तेव्हाच पोटावर, काखेत, मांड्यांवर फिकट गुलाबी पुरळ येतं, ताप उतरला की पुरळही जातं आणि सकाळी अंगावर काही म्हणजे काही नसतं. आता आठवडाभर उजवा गुडघा सुजलाय, उठल्या उठल्या लंगडतो, मग हळूहळू नीट चालायला लागतो. आधी व्हायरल म्हणाले, मग डेंगू चिकनगुनिया दोन्ही निगेटिव्ह आलं. सासूबाई पित्त उठलंय म्हणून आमसुलाचं पाणी लावतायत पण त्याला खाज अजिबात नाहीये. काल डॉक्टर म्हणाले रुमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. पण संधिवातासाठी करतात ती आरए फॅक्टरची रक्ततपासणी तर निगेटिव्ह आहे, मग संधिवात कसा असेल? आणि सकाळच्या ओपीडीत पुरळ दिसतच नाही, सांगून कोणाला पटत नाही. खूप काळजी वाटतेय.

कोथरूडचा_बाबा:
ताई, आमच्या मुलीचं अगदी असंच होतं, सिस्टेमिक जेआयए निघालं, म्हणजे लहान मुलांचा, सांध्यांबरोबर सगळ्या शरीरावर परिणाम करणारा संधिवात. तुम्ही आज संध्याकाळपासून फोटो काढायला लागा. ताप चढला की ट्यूबलाइटखाली, फ्लॅश बंद करून, पोट, पाठ, काख, मांड्या सगळ्याचे काढा आणि त्याच वेळी थर्मामीटरचा पण एक काढा म्हणजे ताप आणि पुरळ एकत्र येतात हे फोनमधल्या वेळेवरूनच कळतं. आपल्याकडच्या सावळ्या रंगावर ते गुलाबी दिसेलच असं नाही, आमच्या मुलीचं फक्त जरा गडद, ठिपक्या-ठिपक्यांचं दिसायचं. अजून एक बघा, चड्डीचं इलॅस्टिक घट्ट बसतं तिथे किंवा नखाने ओरखडा उठतो तिथे पुरळाची रेघ उमटते का, आमच्या डॉक्टरांनी हे मुद्दाम विचारलं होतं. फोटो दाखवल्यावर पाच मिनिटांत बोलणं मुद्द्यावर आलं, त्याआधी नुसतंच अॅलर्जीचं सिरप चालू होतं.

बालरोग_एमडी:
न तपासता निदान सांगता येणार नाही, पण तुमच्या डॉक्टरांनी योग्य दिशेला पाठवलंय. या आजारात आरए फॅक्टर आणि एएनए (अशीच दुसरी एक रक्ततपासणी) बहुतेक वेळा निगेटिव्हच असतात, त्यामुळे त्या रिपोर्टवरून काही नाही असं धरू नका. इथे आयएल-१ आणि आयएल-६ ही सूज वाढवणारी प्रथिनं खूप वाढतात, ताप, पुरळ, सांधे सगळं त्यातूनच. १८९७ मध्ये लंडनमध्ये जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांचं वर्णन केलं म्हणून याला स्टिल्स डिसीज पण म्हणतात, मोठ्यांनाही होतो. पण याची एकच अशी टेस्ट नाही, बाकीचं सगळं नाही ना हे आधी बघावं लागतं. इन्फेक्शन आणि मुख्य म्हणजे ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर), कारण त्यातही ताप आणि हाडं-सांधे दुखतात. म्हणून बोन मॅरोची (हाडातल्या मगजाची) तपासणी करूया म्हणाले तर घाबरून नाही म्हणू नका, आणि त्याआधी कोणाच्याही सांगण्यावरून स्टेरॉइड देऊ नका, ते दिलं की चित्र झाकलं जातं.

एक गोष्ट मात्र आजच लक्षात ठेवा. ताप चढ-उतार सोडून दिवसभर राहायला लागला, मूल सुस्त पडलं, नाकातून रक्त आलं किंवा अंगावर लाल-जांभळे डाग आले आणि ते सकाळीही तसेच राहिले तर अपॉइंटमेंटची वाट न बघता रात्रीसुद्धा मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या. मॅक्रोफेज अॅक्टिव्हेशन सिंड्रोम नावाची कॉम्प्लिकेशन असते, त्यात फेरिटिन (रक्तातलं लोह साठवणारं प्रथिन) भरमसाट वाढतं आणि प्लेटलेट पडतात, सूज किती आहे ते दाखवणारा ईएसआरही खाली येतो, मग घरच्यांना वाटतं सुधारतंय.

हडपसर_४२:
मला सोरायटिक आर्थ्रायटिस, म्हणजे सोरायसिसबरोबर येणारा संधिवात आहे, पण माझे चट्टे कोपरावर आणि डोक्यात कायमचे असायचे, पापुद्रे निघायचे, नखांना खड्डे पडले होते. संध्याकाळी येऊन सकाळी जाणारं ते नव्हतं. तुमचं वेगळं वाटतंय, स्किनवाल्यांकडे फेऱ्या मारण्यापेक्षा सरळ रुमॅटॉलॉजिस्टच गाठा.

सिंहगडरोड_आई:
खूप धन्यवाद सगळ्यांना. काल रात्री फोटो काढले आणि खरंच कमरेला इलॅस्टिकच्या रेषेत पुरळ होतं! फेरिटिन खूप जास्त आलंय, प्लेटलेट पण नॉर्मलपेक्षा जास्तच आहेत. परवाची अपॉइंटमेंट मिळालीये. बाबा, तुमची मुलगी आता कशी आहे? औषधं किती दिवस घ्यावी लागली?

कोथरूडचा_बाबा:
छान आहे, शाळेत जाते, सायकल चालवते. आधी स्टेरॉइड आणि मेथोट्रेक्सेट होतं, मग टोसिलिझुमॅब (आयएल-६ ला अडवणारं औषध) सुरू केलं, अजून चालू आहे, फक्त दोन डोसमधलं अंतर वाढवलंय. ते सुरू करायच्या आधी टीबीची टेस्ट करतात. मेथोट्रेक्सेट दिलं तर ते आठवड्यातून एकदाच असतं, रोज नाही, घरात सगळ्यांना सांगून ठेवा आणि फ्रिजवर वार लिहून लावा. स्टेरॉइड मनाने एकदम बंद करायचं नाही. आणि त्याच्या राहिलेल्या लशींची फाइल परवा बरोबर न्या, एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची) आणि कांजिण्यांची लस या औषधांवर असताना सहसा देत नाहीत, ते आधीच विचारून घ्या.